जॅझ ट्रॉम्बोनवरून लॅटिनकडे: सूर 'मागे' का पडतो आणि हे शिकवायचं कसं?

सातवी_पोझिशन

नमस्कार मंडळी,

बिग बँडमध्ये (मोठ्या जॅझ वाद्यवृंदात) मुरलेला ट्रॉम्बोनवादक साल्साच्या (लॅटिन नृत्यसंगीताच्या) सेक्शनमध्ये, म्हणजे एकत्र वाजवणाऱ्या पितळी वाद्यांच्या गटात, बसला की त्याला बहुधा एकच शेरा मिळतो: सूर बरोबर आहेत, पण मागे पडतोय. नवल म्हणजे तोच माणूस मेट्रोनोम लावून एकटा वाजवतो तेव्हा चोख ठोक्यावर असतो. म्हणून हे प्रश्न:

१. दोष नेमका कुठे शोधायचा? जिभेत, स्लाइडमध्ये की कानात?

२. वाद्य ०.५४७ इंच बोअरचं (नळीची आतली रुंदी), एफ ट्रिगरवालं (अंगठ्याने दाबली की जास्तीची नळी जोडणारी कळ), माउथपीस ५जी आकाराचा. लॅटिनसाठी ते बदलणं खरंच गरजेचं आहे का?

३. शिकणारी मुलं १२ ते १५ वर्षांची आहेत. क्लावे (लॅटिन संगीताला धरून ठेवणारा पाच ठोक्यांचा साचा) त्यांना कधी आणि कोणत्या क्रमाने द्यायची? "आधी बीबॉप (जलद, गुंतागुंतीचा जॅझ) पक्का होऊ दे, मग लॅटिन" असं बरेच शिक्षक सांगतात. ते कितपत पटतं?

४. या वाद्यावर पोट भरायचं तर वादनाच्या जोडीला काय काय यावं लागतं?

जाणकारांनी सविस्तर लिहावं.

कास्करा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: तिन्ही ठिकाणी, पण सुरुवात कानापासून होते.

जॅझमध्ये बास चारही मात्रांवर चालतो, त्यामुळे १ कुठे आहे ते आपोआप कळतं. साल्सातला बासचा तुंबाओ (सतत फिरणारा ठराविक साचा) बहुतेक वेळा १ वाजवतच नाही. तो २ नंतरच्या अर्ध्या मात्रेवर आणि ४ वर पडतो, आणि पुढच्या बारची (मात्रांच्या पुढच्या घराची) कॉर्डही ४ वरच येऊन बसते. जॅझवाला सवयीने बासमध्ये १ शोधतो, तो सापडत नाही, मग क्षणभर थांबून खात्री करून फुंकतो. ती खात्री करण्यात गेलेला वेळ म्हणजेच 'मागे पडणं'. घरी हे दिसत नाही, कारण मेट्रोनोम १ आयता हातात देतो.

उपाय असा की आधार बदलायचा. गाण्याच्या पहिल्या भागात काँगाचे (हाताने वाजवायच्या उंच ढोलाचे) उघडे ठोके ऐका, ते ४ वर आणि ४ नंतरच्या अर्ध्यावर येतात. मोंतुनो (गाण्याचा पुन्हापुन्हा फिरणारा, सवाल-जवाबाचा भाग) सुरू झाला की बोंगोवाला बोंगो बाजूला ठेवून हातातली घंटा घेतो. तिचे भरीव ठोके १ आणि ३ वर असतात. सेक्शनने त्या घंटेला चिकटून राहायचं.

आता क्लावे. बारमध्ये चार मात्रा धरल्या तर ३-२ सोन क्लावे अशी: पहिल्या बारमध्ये १, २ नंतरची अर्धी आणि ४, दुसऱ्या बारमध्ये २ आणि ३. बार उलटे घेतले की २-३ झाली. रुंबा क्लावेत तीनच्या बाजूचा शेवटचा ठोका ४ वरून सरकून ४ नंतरच्या अर्ध्यावर जातो, बाकी सगळं तेच. क्लावेला ठेका समजू नये. ठेका कुणीतरी वाजवत असतो; क्लावे पुष्कळदा कुणीच वाजवत नाही, तरी सगळे तिलाच धरून असतात. आणि ती गाण्याच्या मध्यात उलटत नाही. अरेंजर (वाद्यांसाठी गाणं मांडून लिहिणारा) विषम बारांचा तुकडा घालतो आणि चाल क्लावेच्या दुसऱ्या बाजूवरून आत येते, इतकंच.

रिफ (पुन्हापुन्हा येणारा सुरांचा छोटा तुकडा) कोणत्या बाजूने आहे ते ओळखायची कामापुरती खूण: ज्या बारमध्ये सूर सरळ मात्रांवर बसतात ती बहुधा दोनची बाजू, आणि ज्या बारमध्ये सूर मात्रांच्या अध्येमध्ये पडतात ती तीनची. अपवाद आहेत, पण नव्या चार्टवर (लिहिलेल्या स्वरलिपीवर) पहिल्या दोन मिनिटांत एवढं पुरतं.

सराव वाद्य न उचलता करायचा. पाय १ आणि ३ वर, हात क्लावेवर, तोंडाने रिफ. मेट्रोनोम पायाच्या ठोक्याशी जोडून मिनिटाला ७० ठेवा आणि चार मिनिटं न थांबता करा. मग पाय तसाच ठेवून क्लावे उलटी घ्या. ते जमलं की मेट्रोनोमचा ठोका पायाचा न मानता २ आणि ४ चा माना. नाचायच्या साल्साची लय या मापाने ८० ते ११० च्या दरम्यान असते, त्यामुळे १०० वर आरामात जमेपर्यंत बँडमध्ये बसायची घाई नको.

आणि अर्धमात्रा सरळ! स्विंगची लांब-आखूड जोडी इथे चालत नाही. जॅझमध्ये किंचित मागे रेलून वाजवणं सुंदर लागतं, पण माम्बोच्या (पितळी वाद्यांच्या खास भागाच्या) रिफमध्ये तिघांपैकी एक जरी रेलला तरी कडा बोथट होते. इथला ट्रॉम्बोन म्हणजे सूर असलेलं तालवाद्य आहे, असं समजूनच बसावं.

पितळी

कास्करांनी कानाचं लिहिलं ते अगदी बरोबर. स्लाइडचं मी लिहितो, कारण निम्मा उशीर तिथे होतो.

टेनर ट्रॉम्बोनवर स्लाइडच्या सात ठरलेल्या जागांपैकी पहिल्या आणि दुसऱ्या पोझिशनमध्ये साधारण ८ सेंमी अंतर असतं, सहाव्या-सातव्यात जवळजवळ ११. पहिलीपासून सातवीपर्यंत हाताला अर्ध्या मीटरहून जास्त पल्ला मारावा लागतो. बहुतेक जण सूर चालू असतानाच हळूहळू सरकायला लागतात, म्हणून सूर शेपटाकडे ढळतो आणि पुढचा सूर स्लाइड पोचल्यावर सुटतो. उलट हवं: सुराची पूर्ण लांबी होईपर्यंत स्लाइड स्थिर, आणि शेवटच्या क्षणी झटक्यात पुढच्या जागी. हालचाल मनगट आणि बोटांतून सुरू व्हावी, खांद्यातून नाही. तपासायला सोपी युक्ती: रिफ रेकॉर्ड करून निम्म्या वेगाने ऐका. सुरांच्या मध्ये ओघळ ऐकू आला तर स्लाइड लवकर निघते आहे. शांतता आणि मग धक्का ऐकू आला तर उशिरा पोचते आहे.

पर्यायी पोझिशन इथे चैन नाही, गरज आहे. मधला बी फ्लॅट पहिलीतही येतो आणि पाचवीतही. त्याखालचा ए दुसरीत आणि सहावीत. वरचा डी पहिलीत आणि चौथीत. त्यावरचा एफ पहिलीत, किंवा चौथी थोडी आत घेऊन. डी, सी, डी असा रिफ असेल तर डी चौथीत घ्या. सी तिसरीतच असल्याने हात एका पोझिशनचं अंतर हलतो. डी पहिलीत घेतला तर दोनांचं, आणि ११० च्या लयीत तो फरक स्पष्ट ऐकू येतो. वरचा जी दुसरीत घेताना स्लाइड नेहमीच्या दुसरीपेक्षा आत हवी, कारण सातवा हार्मोनिक (एकाच पोझिशनमध्ये निघणाऱ्या सुरांच्या मालिकेतला सातवा) मुळातच उतरलेला असतो. याच कारणाने वरचा ए फ्लॅट पहिलीत घेऊ नये. तिथे आत सरकायला जागाच उरत नाही. तो तिसरीत घ्या.

डूडल टंगिंगबद्दल ('डू-डल' अशा मऊ अक्षरांनी जीभ चालवणं) थोडं वेगळं मत आहे. जॅझ ट्रॉम्बोनवादक कार्ल फाँटानाने ते कुठल्या उंचीवर नेलं ते ऐकावंच, जॅझच्या जलद ओळींना त्याला तोड नाही. पण तिम्बालेस (धातूचे जोडढोल) आणि दोन घंटांच्या समोर त्या मऊ अक्षरांचा आघात विरून जातो. सेक्शनमध्ये साधा 'त' वापरा, आणि सूर जिभेने नव्हे तर श्वास थांबवून संपवा. जिभेने तोडलेला सूर शेवटी 'ट्' असा आपटतो.

वाद्याबद्दल: लगेच बदलू नका. ०.५४७ चं वाद्य जास्त हवा खातं आणि सूर पसरट देतं, ०.५०० ते ०.५०८ चं वाद्य जोरात फुंकलं की लवकर धारदार होतं, आणि तीच धार गर्दीतून बाहेर येते. न्यूयॉर्कच्या साल्सा बँडांचा जो करकरीत ट्रॉम्बोन आपण ऐकतो त्यामागे बहुतांशी लहान आणि मध्यम बोअर आहेत. तरी आधी सहा महिने लय सुधारा. मग शक्य झालं तर दुसरं, बिनट्रिगरचं ०.५०८ चं वाद्य घ्या. ते हलकं असतं आणि डाव्या हाताला लगेच जाणवतं.

एक चूक टाळा: लहान बोअरचा माउथपीस, म्हणजे १२सी वगैरे, लहान शँकचा (वाद्यात बसणाऱ्या टोकाचा) असतो. तो ०.५४७ च्या मोठ्या रिसीव्हरमध्ये खोल जातो, हलतो, आणि सगळे सूर बिघडतात. अडॅप्टर मिळतो, पण तो तात्पुरता इलाज समजा. ५जी वरून थेट १२सी वर उडी मारली तर रिम साधारण २५.५ मिमीवरून २४.५ वर येते. ओठांना हा १ मिमी फार मोठा वाटतो. मध्ये ६½ एएलवर महिना-दोन महिने काढा.

खर्जातला

मुलांच्या शिकवणीबद्दल लिहितो.

"आधी बीबॉप, मग लॅटिन" हा क्रम मला पटत नाही, आणि इतिहासही त्याच्या बाजूने नाही. क्यूबाच्या १९व्या शतकातल्या ओर्केस्ता तीपिका या नृत्यवाद्यवृंदात व्हॉल्व्ह ट्रॉम्बोन (स्लाइडऐवजी कळांचा) होता, दान्सोन या नृत्यप्रकाराबरोबर वाजत होता. जॅझ तेव्हा जन्मालाही यायचा होता. ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये व्हॉल्व्ह ट्रॉम्बोन वाजवणारा हुआन तिसोल मूळचा प्वेर्तो रिकोचा. दोन्ही परंपरा पहिल्यापासून एकमेकींच्या शेजारी वाढल्या आहेत, मग मुलांना त्या पायऱ्या म्हणून का द्यायच्या? बीबॉपच्या ओळींना स्लाइडची जी सफाई लागते तिला वर्षं जातात. दोन बारांचा माम्बो रिफ तिसऱ्या महिन्यात वाजतो, आणि मूल बँडमध्ये बसल्याचा आनंद घेतं.

४५ मिनिटांचा तास मी असा मांडेन. पहिली ५ मिनिटं श्वास आणि नुसत्या माउथपीसवर गुणगुण. पुढची १० मिनिटं वाद्य बाजूला: चालत क्लावे, अर्धी मुलं पायावर, अर्धी टाळीवर, मग अदलाबदल. मग १० मिनिटं लांब सूर. इथे एमोरी रेमिंग्टनची जुनी रीत अजून उत्तम आहे (ईस्टमन संगीतशाळेत त्यांनी १९२२ ते १९७१ शिकवलं): बी फ्लॅट-ए-बी फ्लॅट, बी फ्लॅट-ए फ्लॅट-बी फ्लॅट, असं सातवीपर्यंत, दर वेळी पहिलीवर परत. उरलेली २० मिनिटं कानाने रिफ, कागद न देता. शिक्षकाने गायचं, मुलांनी गायचं, मग वाजवायचं. जे गाता येत नाही ते वाजवू द्यायचं नाही, हा नियम ढिला पडू देऊ नका.

१२ वर्षांच्या मुलाचा हात सातवीपर्यंत पोचत नाही. त्याला ताणायला लावलं की तो खांदा पुढे टाकतो, मान वाकते आणि माउथपीस ओठावरून सरकतो. ट्रिगर असेल तर सहावीतला सी ट्रिगर दाबून पहिलीत, आणि सातवीतला बी ट्रिगर दाबून दुसरीच्या थोडं बाहेर घ्यावा. ट्रिगर नसेल तर ते सूर येणारच नाहीत असा रिफ निवडा. शिक्षकाने रिफ बदलावा, मुलाने पाठ वाकवू नये.

उत्स्फूर्त वादन एका सुरापासून सुरू करा. सोळा बार, एकच सूर, फक्त ताल बदलायचा आणि क्लावे सोडायची नाही. मग दोन सूर, मग तीन. नवख्यांकडून कंटाळवाणे सोलो येतात ते बहुधा सूर कमी पडल्यामुळे नव्हे, ताल कमी पडल्यामुळे. याचा उत्तम धडा हवा असेल तर ट्रॉम्बोनवादक बॅरी रॉजर्स ऐकवा. पियानोवादक एडी पाल्मिएरीने १९६१ मध्ये ला पेर्फेक्ता हा बँड उभा केला तेव्हा ट्रंपेटऐवजी दोन ट्रॉम्बोन आणि लाकडी बासरी घेतली. व्हायोलिन आणि बासरीच्या चारांगा बँडचा हा पितळी अवतार, म्हणून त्याला 'त्रोम्बांगा' नाव पडलं. त्याच बँडमधला रॉजर्स थोड्या सुरांत सुरुवात करून सोलो हळूहळू कसा चढवतो ते मुलांना सहज कळतं. त्यानंतर विली कोलोनचा पहिला अल्बम. तो १९६७ मध्ये आला, आणि वाजवणारा तेव्हा सतरा वर्षांचा होता हे ऐकून पंधरा वर्षांची मुलं ताठ बसतात.

तीन-चार मुलं तयार झाली की मोन्या (रिफांवर रिफ चढवत नेणं) शिकवा. एकाने दोन बारांचा रिफ धरायचा. चार वेळा झाला की दुसऱ्याने त्याच्या मोकळ्या जागांत उत्तर घालायचं, त्याच्या सुरांवर चढायचं नाही. मग तिसऱ्याने पहिल्या रिफला वरचा सूर जोडायचा. बिघाड नेहमी तिसऱ्याच्या वेळी होतो: त्याला नवीन काहीतरी दाखवायचं असतं आणि गर्दी होते. त्याला सांगा की त्याचं काम जोडण्याचं आहे.

बेल_अप

चौथा प्रश्न कुणी घेतला नाही, म्हणून थोडक्यात.

ज्या ट्रॉम्बोनवादकांची कारकीर्द लांब चालली त्यांच्याकडे पाहा. जे. जे. जॉन्सन सोलोवादक म्हणून सर्वांत वरचा, तरी १९७० नंतर लॉस एंजेलिसला जाऊन चित्रपट आणि टीव्हीसाठी संगीत लिहीत होता. स्लाइड हॅम्प्टन वादक जेवढा मोठा तेवढाच अरेंजर. स्टीव टरे ट्रॉम्बोनच्या जोडीला शंख वाजवतो आणि शिकवतो. कॉनराड हर्विग पाल्मिएरीच्या बँडमध्ये वाजवायचा, आणि रटगर्स विद्यापीठात अध्यापक. वादन, लेखन आणि अध्यापन यांपैकी किमान दोन पाय हवेत.

लॅटिन बँडमध्ये बोलावणं येण्यासाठी वाचन पक्कं हवं. बास क्लेफ तर येतोच, पण सुटी चाल पुष्कळदा ट्रेबल क्लेफमध्ये कॉन्सर्ट पिचवर हातात येते, ती बघता क्षणी वाजली पाहिजे. दुसरं म्हणजे कोरो (सगळ्यांनी मिळून गायचं ध्रुपद) गाता आला पाहिजे. अनेक साल्सा बँडांत पितळवालेच कोरो गातात, स्पॅनिश उच्चार नीट असलेला वादक लगेच पसंत पडतो. तिसरं, बास ट्रॉम्बोन किंवा यूफोनियम. आणि दोन ट्रॉम्बोनसाठी स्वतः लिहिलेले दहा-बारा चार्ट. दोन ट्रॉम्बोन लिहिताना खालच्या आवाजाला कॉर्डचा तिसरा किंवा सातवा सूर द्या; मूळ सूर बासकडे असतोच. मधल्या बी फ्लॅटच्या खाली दोन सूर फार जवळ लिहिले तर गढूळ लागतं.

घरून रेकॉर्डिंग पाठवत असाल तर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, रिव्हर्ब शून्य, आणि सुरुवातीला दोन बारांची मोजणी. माइक बेलपासून २० ते ३० सेंमीवर, थोडा तिरका. थेट समोर धरला तर हवेचा फटका बसतो.

कामाच्या आधी लेखी ठरवून घ्या: किती सेट, प्रत्येक किती मिनिटांचा, मध्ये विश्रांती किती, वाढीव वेळेचं काय, आणि रेकॉर्डिंग झालं तर त्याचे हक्क कुणाकडे. शिकवणीत रद्द केलेल्या तासाचा नियम पहिल्याच दिवशी सांगा. नंतर सांगितला की भांडण होतं.

सातवी_पोझिशन

सर्वांचे मनापासून आभार. बास १ देत नाही म्हणून कान अडखळतो, हे कुठल्याच वर्गात ऐकलं नव्हतं. आणखी दोन शंका. मोंतुनो दहा-बारा मिनिटं लांबतो तेव्हा वरचा बी फ्लॅट शेवटी येईनासा होतो. हे ताकद वाढवून सुटतं का? आणि स्मिअर (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) किती वापरावा?

पितळी

स्मिअरचं आधी. ट्रॉम्बोनवर सलग घसरण एकाच हार्मोनिकवर होते, म्हणून तिची मर्यादा पहिलीपासून सातवीपर्यंत, म्हणजे सहा सेमीटोन. मधल्या बी फ्लॅटवरून खाली ई पर्यंत. त्यापलीकडचा स्मिअर लिहिलेला असेल तर मध्ये हार्मोनिक बदलावा लागतो आणि तो जोड लपवणं कठीण असतं. सेक्शनमध्ये तिघांनी एकाच क्षणी निघून एकाच क्षणी पोचायचं ठरवलं असेल तरच स्मिअर करा. सोलोत आठ बारांत एकदा पुरेसा. दर वाक्याला घसरलात की त्याचं वजन जातं.

खर्जातला

ओठांचं: ताकदीने सुटत नाही. शेवटी सूर येईनासा होतो कारण पहिल्या पाच मिनिटांत माउथपीस ओठांत रुतवलेला असतो. तिथे रक्त अडतं, ओठ कंपत नाही, मग अजून दाबलं जातं. मॉनिटरमध्ये स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून जास्त फुंकणं हे याचं सर्वांत मोठं कारण असतं. साउंडवाल्याकडे आधी ते मागून घ्या.

सेक्शनमध्ये लीड वाटून घ्या, प्रत्येक कोरोला वरचा आवाज बदलायचा. आठ बार मोकळे मिळाले तर माउथपीस ओठांपासून पूर्ण दूर करा, नुसता सैल धरू नका. सरावात जितका वेळ वाजवाल तितकाच वेळ विश्रांती. कार्यक्रमानंतर पाच मिनिटं खालचे बी फ्लॅट आणि पेडल सूर (वाद्याचे सर्वांत खालचे सूर) हळू वाजवा, ओठ दुसऱ्या दिवशी मऊ राहतात. ओठ सुजला किंवा बधिर झाला तर वाजवणं त्या दिवसापुरतं बंद.

कास्करा

एक भर. तिम्बालेसची घंटा बऱ्याचदा ट्रॉम्बोनवाल्याच्या कानाच्या उंचीवर असते. ८५ डेसिबलला आठ तास ही ऐकण्याची सुरक्षित मर्यादा मानतात आणि दर ३ डेसिबलला ती निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. संगीतासाठीचे, सगळे सूर सारखेच हळू करणारे इअरप्लग मुलांना पहिल्या तालमीपासून लावा. पहिला आठवडा त्यांना स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटेल, त्या आठवड्यात सूर जुळवायला ट्यूनर समोर ठेवा.